पालक-शिक्षक सहकार्य (महाराष्ट्र)

मुलाच्या वाढीची जबाबदारी घर आणि शाळा यांनी मिळून उचलण्याची रीत, तसेच त्यासाठी निर्माण झालेल्या सभा, संघ, समित्या आणि गट. या विषयावरचे लेखन बहुधा पालकांनी काय करावे याच्या उपदेशाने भरलेले असते. शाळेने पालकाला कोण मानले, हे पाहिले तर महाराष्ट्रातील इतिहास अधिक नीट उलगडतो.

संस्थानी काळात पालक हा प्रथम कायद्याच्या कक्षेत आला तो दंडास पात्र म्हणून. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत गेले की गुरे कोणी राखायची, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, या घरच्या अडचणींना मात्र दंडात उत्तर नव्हते.

ते उत्तर बालशिक्षणाच्या चळवळीने टप्प्याटप्प्याने शोधले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. वर्गात मोकळीक आणि घरी धाक अशा कात्रीत मूल सापडू नये, म्हणून त्यांनी पालकांसाठीही मुबलक लिहिले. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ हे त्यांच्या एका गुजराती पुस्तकाचे नावच आईबाप होण्यातली अडचण सांगते. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी होत्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन ताराबाईंनी केले. त्यातून मारू नका, भीती घालू नका, मुलाला स्वतःच्या हाताने कामे करू द्या, हा विचार शिकलेल्या मराठी घरांत पोचला. येथे पालक विद्यार्थी झाला. या टप्प्याची मर्यादाही उघड आहे: वाचता येणाऱ्या आणि वाचायला सवड असणाऱ्या आईबापांपुरताच तो राहिला.

ताराबाईंना ही मर्यादा दिसत होती. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेण्यात आली. शिक्षिका घरांच्या अंगणात मुलांना गोळा करीत (हीच अंगणवाडी), त्यांना आंघोळ घालीत, केस विंचरीत, गाणी-गोष्टी घेत. शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच साधने. शहरी माँटेसरी वर्गातील महागडी साधने पाड्यावर परवडणारी नव्हती आणि त्यांची गरजही भासली नाही. हे सगळे आयांच्या डोळ्यांदेखत होत असल्याने निराळी पालकसभा भरवून स्वच्छता किंवा आरोग्य समजावण्याचे काम बरेच हलके झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींमुळे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी ‘विकासवाडी’ आकाराला आली. घराची अडचण हा शाळेचा अभ्यासविषय ठरला, हे कोसबाडचे खरे वेगळेपण. त्याचा उल्लेख प्रयोगांच्या याद्यांत मात्र हरवतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्यांच्या भाराखाली त्यातील शिक्षणाची बाजू पुष्कळ ठिकाणी दुबळी पडली.

पालकाला अधिकार मिळाले ते बरेच उशिरा. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनेही सहा ते चौदा वयाच्या अपत्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यच ठरवले. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्मे सदस्य महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. विनाअनुदानित खासगी शाळांत ही समिती बंधनकारक नाही. शिक्षकांनीही पालकांशी नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगावी, असे कायदा म्हणतो. कागदावर अधिकार भक्कम आहेत. प्रत्यक्षात मजुरी बुडवून बैठकीला आलेली आई आणि तिच्यासमोर इतिवृत्ताची वही धरणारे मुख्याध्यापक यांच्यात बरोबरी यायला वेळ लागतो. कित्येक बैठका सहीपुरत्या उरतात.

खासगी शाळांत प्रश्न निराळा, तो पैशांचा. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आवश्यक केला. संघाच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात, जेणेकरून व्यवस्थापनाच्या मर्जीतले लोक बसू नयेत. शुल्कवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे येतो. त्यामुळे अनेक पालकांची संघाशी ओळख फीच्या वादापुरतीच असते. मुलाच्या शिकण्याविषयीचे बोलणे ‘ओपन डे’च्या दिवशी प्रगतिपुस्तकावर पाचेक मिनिटांत उरकते.

अलीकडचा लक्षणीय प्रयत्न मातांच्या गटांचा आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात 2022 मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झाले. शाळेत मेळावा भरतो, मूल काय करू शकते हे आईच्या समोर पाहिले जाते, मग वस्तीतल्या आया गट करून घरच्या घरी कृती घेतात: भाजी निवडताना वर्गीकरण, चपात्या मोजणे, गोष्ट सांगणे. गटातील एक जण ‘लीडर माता’ म्हणून शिक्षकांशी संपर्क ठेवते. त्यासाठी फारसे शिकलेले असण्याची अट नाही. वडिलांचा सहभाग या रचनेत जवळजवळ गृहीतच धरलेला नाही.