मागचं धूसर

फोटोत चेहरा ठसठशीत आणि मागचं सगळं धूसर, ही करामत मोबाइलची, अशी आमच्या रिठदच्या तरुण मंडळींची ठाम समजूत. पण ती एकशे ऐंशी वर्षांहून जुनी आहे! १८४० मध्ये व्हिएन्नातल्या पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने मोठ्या तोंडाचं भिंग आखलं. हेतू एवढाच की, उजेड भरपूर यावा नि गिऱ्हाइकाला फार वेळ पुतळा होऊन बसावं लागू नये. मात्र भिंगाचं तोंड मोठं केलं की नेमकेपणा एकाच अंतरापुरता उरतो, बाकीचं विरघळतं. नाइलाज!

पुढे अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारखे स्वस्त कॅमेरे आले. त्यांचं छिद्र बारीक, म्हणून दहा फुटांपलीकडचं सगळंच फोटोत हजर : माणूस, म्हैस, वाळत घातलेलं धोतर. २०१६ मध्ये आयफोननेही दोन भिंगांनी अंतर मोजून मागचं हिशेबाने पुसायला घेतलं. नाइलाजाची चैन झाली.

माझ्या आजीचा एकच फोटो आहे, क्लिक थ्रीचा. चेहऱ्यावर पदराची सावली. पण मागचं तुळशीवृंदावन, ओसरीचा सागवानी खांब अगदी स्वच्छ. ते घर आता नाही. नातवंडांना दाखवायचं तर तोच फोटो काढावा लागतो. तेव्हा पोरांनो, धूसर फोटो हवे तेवढे काढा; एखादा मात्र घरासकट असू द्या!