आधी छापखाना, आता स्टुडिओ : डेट्रॉईटच्या एका घराचा धडा

जयंती जवळ आली की वस्तीवस्तीतले तरुण आम्हाला एकच प्रश्न विचारतात. गाणे लिहून तयार आहे, चाल बसली आहे, पण स्टुडिओचे भाडे परवडत नाही. घरातच रेकॉर्डिंगची सोय करता येईल का? आमचे उत्तर आहे, नक्की करता येईल. मात्र माइक कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवण्याआधी स्टुडिओ कशासाठी हवा, हे ठरवा. त्यासाठी थोडा इतिहास माहीत असायला हवा.

साधन दुसऱ्याच्या हातात असले की काय होते, हे आपल्या चळवळीने भोगले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. बाबासाहेबांनी पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. भारतभूषण आणि नंतर बुद्धभूषण या नावाने तो ओळखला गेला. आपला मजकूर छापायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याकडे आला.

छापील शब्दाबाबत आपण जे केले, तेच आवाजाबाबत अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी केले. त्यांच्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांच्या लढ्याचा हा भागही आपण समजून घेतला पाहिजे.

बेरी गॉर्डी हे डेट्रॉईटचे. मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर त्यांनी काम केले होते. ते गाणी लिहीत, गाणी गाजत, पण हातात पैसा फारसा पडत नसे. गॉर्डी कुटुंबाचा एक सामाईक निधी होता. आपल्या भिशीसारखे घरातले सगळे त्यात नेमाने पैसे टाकत. जानेवारी १९५९ मध्ये या निधीतून गॉर्डींनी ८०० डॉलर कर्जाऊ घेतले. घरचेच पैसे, तरी कर्जाचा रीतसर कागद झाला. त्याच वर्षी त्यांनी वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे घर घेतले. पुढे जगभर गाजलेली मोटाउन कंपनी ती हीच.

त्या घरात आधी एक छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. वर बिऱ्हाड, खाली कार्यालय आणि मागे रेकॉर्डिंगची खोली अशी मांडणी झाली. डागडुजीला घरची माणसे राबली. यंत्रे जुनी, वापरलेली होती. आवाजात घुमारा आणण्यासाठी पोटमाळ्याचा उपयोग केला. छतावरून लोंबणाऱ्या वायरींमुळे वादक त्या खोलीला 'स्नेकपिट', म्हणजे सापांचा खड्डा म्हणत. पण हा खड्डा दिवसाचे २२ तास चालू असे. स्टीव्ही वंडर, मार्विन गे, द सुप्रीम्स यांची गाणी याच खोलीतून जगभर गेली.

याच कंपनीने आणखी एक मोठे काम केले. २३ जून १९६३ रोजी डेट्रॉईटमध्ये नागरी हक्कांसाठी लाखाहून अधिक लोकांचा मोर्चा निघाला. त्या दिवशीचे मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण मोटाउनने रेकॉर्ड केले आणि त्याच वर्षी त्याची तबकडी काढली. आपल्या नेत्याचा आवाज जपण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले नाही.

जमैकातल्या किंग्स्टनचा किंग टबी तर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरहाऊस या गरीब वस्तीतल्या घरात त्याने छोटा स्टुडिओ थाटला. मिक्सर दुसऱ्या स्टुडिओने वापरून काढून टाकलेला, आणि गायकाची खोली म्हणजे घरातले न्हाणीघर! 'डब' या संगीतप्रकाराची जडणघडण अशाच खोल्यांतून झाली.

पण मित्रांनो, डेट्रॉईटची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोटाउनच्या गाण्यांमागे 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखला जाणारा वादकांचा ताफा होता. बरीच वर्षे तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावेच नव्हती. १९७१ च्या मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती पहिल्यांदा नीट छापली गेली. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि त्यातले बरेच वादक मागे राहिले. मालकी आपल्या माणसाच्या हाती आली म्हणजे न्याय आपोआप होतो, असे नाही.

आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटी काढून पाहा. गायकाचे नाव मोठे दिसेल. कवीचे नाव पुष्कळदा सापडणार नाही. ढोलकी कोणी वाजवली, कोरस कोणी दिला, हे विचारायलाच नको. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. त्यांतली कितीतरी त्यांचे नाव न घेता गायली जातात. हा तोटा पैशापुरता नाही. आपला इतिहासच त्यात निनावी होतो.

म्हणून स्टुडिओची आखणी अशी करा. आधी खोली निवडा : रस्त्यापासून लांबची, कमी खिडक्यांची. बाहेरचा आवाज अडवणे आणि आतला घुमारा मारणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटी बुजवा आणि रात्रीची वेळ धरा. दुसऱ्यासाठी गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट उपयोगी पडते. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा गोंगाट थांबत नाही. अशा खोलीत कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक माइक बरा, कारण तो आजूबाजूचा आवाज कमी उचलतो. त्यासोबत एक साधा ऑडिओ इंटरफेस, कान झाकणारा हेडफोन आणि जुना का होईना, एक संगणक. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. दहा जणांनी भिशी लावली तर एवढे सामान आवाक्याबाहेर नाही.

आणि पहिल्या दिवशी एक वही घाला. कवी, चाल, गायक, वादक, कोरस, तारीख, सगळे तिच्यात लिहा. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा पहिला हक्क निर्मात्याचा, म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा असतो. तेव्हा निर्माता कोण आणि वाटणी कशी, हे कागदावर ठरवा. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकाराच्या रॉयल्टीला संरक्षण दिले आहे. तेही वाचून ठेवा. मूळ रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा.

माइक उद्या बदलता येईल. न लिहिलेले नाव मात्र वीस वर्षांनी कोणालाच आठवणार नाही. म्हणून आधी वही आणा, मग माइक.

जय भीम!