कातडीला परांची

घर बांधताना गवंडी बांबूची परांची उभारतात आणि काम झाले की ती उतरवतात. जखमेलाही अशी परांची बांधता येते, हे माणसाला कसे कळले ते आपण पाहू.

आपल्या त्वचेचे दोन थर असतात. वरची बाह्यत्वचा पुन्हा वाढू शकते. खालची अंतस्त्वचा मात्र पूर्ण जळाली तर परत येत नाही. जखमेच्या कडा आक्रसतात आणि तेथे कडक वण तयार होतो. अशा वेळी रोग्याच्याच अंगावरची चांगली कातडी काढून लावतात. पण अर्ध्याहून अधिक अंग भाजले असेल तर ती आणायची कोठून?

अमेरिकेत बोस्टन येथील शल्यचिकित्सक जॉन बर्क यांना हाच प्रश्न सतावत होता. 1969 च्या सुमारास ते एमआयटीतील बहुवारिकांचे अभ्यासक आयोनिस यानास यांच्याकडे गेले. जखम लवकर मिटवणारे आच्छादन शोधायचे, असे ठरले. गाईच्या कातड्यातील कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त पदार्थ यांचे सच्छिद्र पटल त्यांनी गिनीपिगांच्या जखमांवर लावले. जखमा लवकर मिटण्याऐवजी उशिरा आक्रसू लागल्या! प्रयोग फसल्यासारखा वाटला. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तेथे वण नव्हता, नवी अंतस्त्वचा तयार होत होती.

याचे कारण काय? पटलाच्या छिद्रांत खालून पेशी आणि रक्तवाहिन्या शिरत होत्या. पेशी स्वतःचे कोलॅजेन विणत आणि त्याच वेळी मूळ पटल हळूहळू विरघळत असे. वरून सिलिकोनचा पातळ थर होता. तो पाणी आणि जंतू अडवी. नंतर तो काढून तेथे रोग्याचीच अगदी पातळ बाह्यत्वचा लावत.

1981 साली दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. हे रोगी 50 ते 95 टक्के भाजलेले होते. 1996 मध्ये अमेरिकी शासनाने या कृत्रिम त्वचेला मान्यता दिली. तिच्यात घर्मग्रंथी आणि केस मात्र उगवत नाहीत.

थोडक्यात, त्वचा शास्त्रज्ञांनी बनवली नाही, ती शरीराने बनवली. शास्त्रज्ञांनी फक्त आधार दिला, आणि तोही वेळेवर नाहीसा होणारा. वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा: भिंत उभी राहण्याआधीच परांची कोसळली तर काय होईल? आणि ती कधी निघालीच नाही तर?