इंकस्केपची पॅनेलं कडेला कशी गेली

इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून फुटून निघालं. चार डेव्हलपर्स होते. त्यांना एसव्हीजी नीट पाळायचं होतं, कोड सी प्लस प्लसमध्ये न्यायचा होता आणि इंटरफेसही बदलायचा होता. पण पॅनेलं बराच काळ चित्रावर तरंगतच राहिली. ती खिडकीच्या कडेला चिकटवायची सोय आली २००८ मध्ये, ०.४६ ला.

बीटेकला असताना मी फेस्टची पोस्टरं यातच करायचो. छोटा लॅपटॉप. फिल अँड स्ट्रोक, अलाइन, लेअर्स, सगळं उघडलं की पोस्टरला जागाच उरायची नाही! डावी कडा मोकळी, पण पॅनेल तिकडे जाईल तर शप्पथ. तेव्हा मी डेव्हलपर्सना मनात शिव्या घालायचो. नोकरीला लागल्यावर कळलं, डॉकिंग एका जुन्या लायब्ररीवर उभं होतं. ते उपटून काढणं म्हणजे चालत्या घराचा पाया बदलणं.

मे २०२१ च्या १.१ मध्ये तेच केलं. डॉकिंग नव्याने लिहिलं आणि पॅनेलं डावीकडेही लागायला लागली.

मग १.२ ने लेअर्सचं पॅनेल ऑब्जेक्ट्समध्ये मिसळून टाकलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे, कारण इंकस्केपच्या फाइलमध्ये लेअर म्हणजे शेवटी एक ग्रुपच. तरी पहिला आठवडाभर मी जुनं पॅनेल शोधत होतो.