टेफ्लॉनची गाठ

एक स्वरतंतू लुळा पडला की दुसरा त्याला टेकत नाही. मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाज विरतो. ती फट बुजवण्यासाठी १९११ मध्ये विल्हेल्म ब्रूनिंग्ज यांनी लुळ्या स्वरतंतूत पॅराफिन टोचले. ते सरकले, गाठी झाल्या, उपाय मागे पडला. १९६० च्या दशकात गॉडफ्रे अर्नोल्ड यांनी टेफ्लॉन आणले आणि आवाज तिथल्या तिथे सुधारू लागला. माझ्या मते चूक इथेच झाली: यश लगेच मोजले गेले, अपाय मात्र सावकाश येणारा होता. शरीराला टेफ्लॉन पचत नाही. पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, कणांना वेढतात आणि गाठ बनते. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात ते कण लखलखताना दिसतात. काहींच्या गळ्यात ही गाठ कित्येक वर्षांनी वाढली, आवाज पुन्हा बसला, क्वचित श्वासही अडला. आणि आत मुरलेले टेफ्लॉन काढणे महाकठीण.

अशा गाठी थोड्यांनाच झाल्या, हा आक्षेप खरा आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने स्वरयंत्राची नस निकामी झालेल्या, मोजकेच दिवस उरलेल्या रुग्णाला तर लगेच मिळालेला आवाज अनमोल होता. पण पुढे चाळीस वर्षे बोलायचे असलेल्या माणसाला हा अपाय ‘दुर्मीळ’ म्हणून सांगताना किती वर्षांचा अनुभव हाताशी होता, हे विचारायलाच हवे. १९७४ मध्ये जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी स्वरयंत्राच्या कूर्चेला बाहेरून खिडकी पाडून स्वरतंतू आत ढकलण्याची पद्धत मांडली. टेफ्लॉन काढणे कठीण, ही पद्धत मात्र गरज पडल्यास उलटवता येते.