पावशा : कानाने ओळखायचा पक्षी

चैत्र लागला, की मुळशी-ताम्हिणीकडच्या रानातून एक हाक ऐकू येऊ लागते : ‘पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!’ तीन स्वर, मधल्यावर जोर. दर वेळी आवाज एक पायरी वर चढतो, पाच-सहा वेळा चढून टिपेला पोचतो आणि तिथेच एकदम तुटतो. थोड्या वेळाने पुन्हा खालपासून सुरुवात. चांदण्या रात्री तर हा गृहस्थ झोपूही देत नाही. हाच आपला पावशा. ऐकलेला सर्वांनी, पण पाहून ओळखलेला किती जणांनी?

मी स्वतः फसलो आहे. मुळशी तालुक्यातल्या एका गावी जुनी कागदपत्रे पाहायला गेलो होतो. यजमानांच्या परसातल्या आंब्यावर शिकरा येऊन बसला. राखी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे. मी म्हातारबाबांना म्हटले, “बाबा, कोंबडीची पिल्लं झाका, शिकरा आलाय.” बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, “दम धरा सर, त्याला बोलू तर द्या.” आणि खरोखरच माझा शिकरा घटकाभराने ‘पेर्ते व्हा’ म्हणू लागला!

ही चूक साधी नाही. पावशाचे रूप शिकऱ्यासारखेच, उडण्याची ढबही तशीच. चार-दोन वेळा पंख मारायचे आणि तरंगत जायचे. चोच पाहिली तर फरक कळतो, शिकऱ्याची आकडेबाज, पावशाची सरळ आणि बारीक; पण दाट पानांत चोच दिसते कुणाला? हे सोंग त्याच्या उपयोगाचे असावे. पावशा घरटे बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात त्यांच्यासारखेच निळे अंडे घालतो. ससाण्यासारखे काही आले, की लहान पाखरे बिचकतात, एवढे अभ्यासकांनी इतर कोकिळकुळांतल्या पक्ष्यांवरून पाहिलेले आहे. शिकरा मात्र बोलला, की फसवीत नाही. त्याचा आवाज दोन तुकड्यांचा आणि तीक्ष्ण. त्यात चढण नाही. तो आवाज कोतवाल हुबेहूब काढतो, ती गोष्ट वेगळी.

शास्त्राच्या दप्तरात पावशाची नोंद १७९७ सालची. त्या वेळी डेन्मार्ककडे असलेल्या, तमिळ मुलखातल्या तरंगमबाडीच्या नमुन्यावरून कोपनहेगनच्या मार्टिन वाल यांनी त्याचे नाव ठेवले. त्यातला ‘वेरिअस’ हा शब्द पिसाऱ्याच्या चित्रविचित्रपणाचा आहे. नावात आवाजाचा मागमूस नाही. युरोपातही कानाने पक्षी वेगळा करणे तेव्हा नवलाचेच होते. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबुवांनी १७६८ साली एकसारख्या दिसणाऱ्या तीन चिमुकल्या पक्ष्यांना त्यांच्या गाण्यावरून वेगळे ओळखले. त्याची कीर्ती आजवर सांगतात. आपल्याकडे नांगरामागे चालणाऱ्याने तेच केले. त्याची तारीख कुठे लिहिलेली नाही, एवढेच.

त्याने ठेवलेली नावे मात्र टिकली. हिंदी मुलखात लोक त्याच तीन स्वरांत ‘पी कहाँ’ ऐकतात, बंगाल्यात ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला. उन्हाने हैराण साहेबाला त्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आले, मेंदूज्वर! ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात. कधी घोटाळेही झाले. चातक आणि पावशा यांना पुष्कळजण एकच समजतात. चातक काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला, पावसाच्या सुमारास येणारा; पावशा इथलाच राहणारा, हिवाळ्यात फक्त गप्प असतो.

मग त्याच्या हाकेवर पेरणी करायची का? तर नाही. मार्च-एप्रिलपासून तो ओरडतो, कारण तो त्याच्या विणीचा हंगाम. पाऊस तेव्हा दोन-अडीच महिने लांब असतो. भाताच्या मुलखातला शेतकरी त्यावर बी टाकीत नाही. राब भाजून ठेवायचा, वाफे नीट करायचे, एवढी आठवण तो त्यातून घेतो.

मुळशीत या हाकेला आणखी एक कडू इतिहास आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने इथे धरण बांधायला घेतले, तेव्हा आंबेमोहोर पिकवणारी पन्नासवर गावे त्याच्या छायेत आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी तो लढा चालवला, तुरुंग सोसला. १९२४ पर्यंत लढा ओसरला. धरण झाले आणि खाचरे पाण्यात गेली.

त्या दिवशी बाबांनी मला जलाशयाकडे बोट करून आपल्या आजोबांची जमीन दाखवली. दिसत काहीच नव्हते, नुसते पाणी. आंब्यावर हाक चालूच होती. “पाखराला काय ठावं सर,” बाबा म्हणाले, “खाली काय ऱ्हायलंय ते.” मग कोयता घेऊन ते राबासाठी टहाळ आणायला वरच्या रानाकडे निघाले.