रामचंद्रपंतांची राजनीती आणि रायपूर

रायपूर समुद्रापासून फार दूर. तरीही 1818 साली इंग्रजांनी छत्तीसगडच्या कारभाराचे मुख्य ठाणे रतनपुराहून येथे हलविले, त्या घटनेचा अर्थ समजून घ्यावयाचा तर कोकण किनाऱ्याची चिंता वाहणाऱ्या एका मराठी मुत्सद्द्याकडे वळावे लागते. तो मुत्सद्दी म्हणजे ‘आज्ञापत्रा’चे कर्ते रामचंद्रपंत अमात्य.

थोरल्या शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पंतांनी पाहिल्या. 1689 साली राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा ‘हुकुमतपनाह’ या अधिकाराने स्वदेशचा भार पंतांवर आला. इटलीतील मॅकिआव्हेलीने 1513 साली राजनीतीवर ग्रंथ लिहिला, तो अधिकारपद गेल्यावर. पंतांनी 1715 च्या सुमारास लिहिले, ते अधिकारावर असताना.

राज्य हे राजाच्या उपभोगासाठी नसून प्रजेच्या रक्षणासाठी आहे, हा त्यांच्या विचाराचा पाया होय. म्हणूनच आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी रयतेचे आंब्या-फणसाचे झाड बळाने तोडू नये, असे ते बजावतात. वतनदारांना ते लहान लहान राज्यांचे नायकच मानतात. त्यांना नष्ट करू नये, पण मोकाटही सोडू नये. चाकरीचा मोबदला जमिनीच्या रूपाने न देता रोख वेतनाने द्यावा. हा उपदेश अनुभवाच्या निखाऱ्यावर तापलेला होता. मोगलांशी झुंजताना माणसे आपल्या बाजूस राखण्यासाठी खुद्द मराठी राज्यालाच वतने आणि इनामे द्यावी लागली होती.

टोपीकरांविषयी पंत अधिकच सावध होते. हे केवळ सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वखारीसाठी यांना जागा देणे भागच पडले, तर ती किनाऱ्यापासून दूर द्यावी आणि बळकट इमारत बांधू देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

आता छत्तीसगडकडे पाहावे. 1787 साली बिंबाजी भोसले वारले. त्यानंतर हा मुलूख नागपुराहून नेमलेल्या सुभेदारांच्या हाती गेला. ठरलेली रक्कम नागपुरास पोचली की बाकीची विचारपूस थोडीच होई, त्यामुळे रयत आणि राजा यांच्यामधला धागा विरत गेला. पुढे 1816 साली आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पंतांना ज्यांची वखारही जवळ नको होती, त्यांचे सैन्य आता राजधानीशीच येऊन बसले. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी रायपुरात इंग्रजी अंमल सुरू झाला. 1830 साली मुलूख परत मिळाला खरा, पण 1854 मध्ये संपूर्ण राज्यच खालसा झाले.

राज्य रणांगणावर हरते, हे अर्धे सत्य होय. रयत परकी होते आणि पाहुण्याची फौज घरची होते, तेव्हाच ते पोखरले जाते. रामचंद्रपंतांचे हे शहाणपण कागदावर उरले. रायपूरच्या इतिहासाने त्याची किंमत दाखवून दिली.